शेपटीवर डोळा असलेली जोडी

नागोजी भोई चहाचा कप हातात आला की आधी वास घ्यायचा. दूध आज दुसऱ्या म्हशीचं आहे का, साखर कमी का पडली, कपाचा कान काल शाबूत होता तो आज कसा उडाला, एवढी चौकशी झाली की मग पहिला घोट. बायको यल्लव्वा म्हणायची, "अवं, इख घालायचं असतं तर चाळीस वर्सं थांबले असते व्हय मी?" त्यावर हा गृहस्थ गंभीर तोंडानं म्हणायचा, "का थांबलीस, त्येचाच इचार करतोय."

संशय हा त्याचा जोडधंदाच होता म्हणा ना. सायकलच्या हवेपासून सरपंचाच्या नमस्कारापर्यंत कशातही त्याला काहीतरी काळंबेरं दिसायचं. पण त्याच्यावर फार हसू नका. गावानं त्याला कामच तसलं दिलं होतं.

कोगनोळीकडून बोरगावकडं जाताना दूधगंगेच्या काठी त्याचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला नदी वळते तिथं आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा, डोह. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, एक जांभळीचं झाड आणि पाण्यात उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. खाली बंधारा असल्यानं उन्हाळ्यातही डोहात पुरुषभर पाणी राहतं. जांभळीपासून बंधाऱ्यापर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, हा गावाचा नियम. तो पाळला जातो का ते बघायचा मान नागोजीच्या घराचा, आज्यापासून चालत आलेला. मान म्हणजे काय, तर जत्रेत पहिला नारळ आणि वर्षभर सगळ्यांच्या शिव्या.

डोहात कोळशी मासे होते, हातभर लांबीचे. पायऱ्यांच्या फटीत वाम असायची, कडेच्या लव्हाळ्यात मरळ पिल्लं घेऊन फिरायची. बाया मूठभर चुरमुरे टाकायच्या आणि पाणी आधण आल्यागत उसळायचं. त्यात मोठ्या माशांपेक्षा बोटाएवढ्या पिल्लांचीच दाटी जास्त. तो देखावा बघितला की नागोजीच्या चेहऱ्यावरची एक तरी आठी सुटायची.

पोटासाठी तो बंधाऱ्याच्या खाली मासे धरायचा, सिद्राम नावाच्या दोस्ताबरोबर. दोघांनी मिळून गुऱ्हाळातली एक फुटकी काहील आणली होती. गूळ रटरटायची ती मोठी गोल कढई. तिला डांबर लावलं आणि तीच त्यांची नाव. काहिलीची एक खोड असते. एकटा माणूस तिच्यात उभा राहून जाळं फेकायला गेला की ती जागेवर गरगर फिरते आणि त्याला पाण्यात टाकते. म्हणून एकानं जाळं फेकायचं, दुसऱ्यानं वल्हं रोवून काहील धरायची. चाळीस वर्षं नागोजीनं फेकलं आणि सिद्रामनं धरलं. एकदा काहिलीच्या कडेखाली सापडून सिद्रामच्या डाव्या पायाची करंगळी गेली, तेव्हाही त्यानं काहील सोडली नव्हती. साऱ्या गावात संशयाशिवाय नागोजी ज्याच्याकडं बघायचा असा हा एकच माणूस.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यल्लव्वा निपाणीच्या दवाखान्यात सतरा दिवस ऑक्सिजनवर होती. नागोजीला आत सोडत नव्हते. तो रस्त्यापलीकडच्या बंद टपरीच्या फळीवर बसून राहायचा आणि आत बाहेर करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या तोंडाकडं बघायचा. तिथंच तो आसरांना नवस बोलला, बाई घरी आली तर जोडी सोडीन.

जोडी सोडायची रीत अशी. नवस फळला की डोहाच्या मध्यावर जायचं आणि जिवंत मासळीची जोडी पाण्यात सोडायची. काहील धरायला एक सोबती लागतो. सोडायच्या वेळी त्यानं तोंड काठाकडं वळवायचं, आणि जोडी कुठली, कशासाठी सोडली, हे पुढं जन्मभर तोंडातून काढायचं नाही. ना कुणाजवळ, ना नवस करणाऱ्याजवळ. हे बंधन फक्त सोबत्याला. तो बोलला तर आसरा दिलेलं परत घेतात. आजवर कुणी बोललं नव्हतं, त्यामुळं खरं खोटं कुणाला माहीत नाही. पण म्हणूनच कुणी बोललंही नव्हतं.

यल्लव्वा घरी आली, हाडाची काडं झालेली, पण आली. जुलैत महापूर आला. पूर ओसरल्यावर उसाच्या सरीत, गुडघाभर पाण्यात, नागोजीला दोन मासे अडकलेले दिसले. अंग सोनेरी हिरवं, त्यावर तीन काळे पट्टे, डोळे तांबडेलाल, आणि शेपटीच्या मुळाशी एक गोल काळा डोळा, भोवती सोन्याची कड. पासष्ट वर्षांत असला मासा त्यानं पाहिला नव्हता. मागं पुढं दोन्हीकडं बघणारा मासा! जगातल्या प्रत्येक गोष्टीचा वास घेऊन बघणाऱ्या या माणसाला नेमकी तेवढ्या वेळी एकही शंका आली नाही. तो सरीतच हात जोडून उभा राहिला.

मासे घालून आणलेल्या घागरीत डोकावून सिद्राम म्हणाला, "नाग्या, ह्यो मासा आपला न्हवं रं. कोळश्या सोड की."

"आसरांनी धाडलाय. माझ्या बाईसाठी धाडलाय."

"जबडा बघ त्येचा."

"तू काहील धर," नागोजी म्हणाला.

सिद्रामनं काहील धरली, तोंड काठाकडं वळवलं, आणि जोडी डोहात गेली. त्या दिवशी नागोजी घरी येऊन लहान पोरासारखा रडला. यल्लव्वा बरी झाली, भाकऱ्या थापायला लागली, त्याच्या चहाच्या चौकशीला पूर्वीसारखी उत्तरं द्यायला लागली. नागोजीला आणखी काही नको होतं.

दोन वर्षांनी डोहाचं काहीतरी बिनसलं. एका सकाळी यल्लव्वानं चुरमुरे टाकले आणि ते तसेच तरंगत बंधाऱ्याकडं गेले. खालून चार मोठ्या कोळश्या सावकाश वर आल्या, दोन तोंडं मारून गेल्या. पिल्लं नाहीत. पुढच्या आठवड्यात तेच, पुढच्या महिन्यात तेच. लव्हाळ्यातली मरळ एकटीच दिसायची, मागं लेंढार नाही.

नागोजीची आठी परत आली, आणि सोबत आणखी दहा घेऊन आली. पहिला संशय पाण्यावर. वरून कुणीतरी काहीतरी सोडत असणार. त्यानं डोहाचं पाणी माठात भरलं, त्यात ओढ्यातली दोन मासळी सोडली आणि आठ दिवस माठापुढं बसून राहिला. मासळी जोरात होती. पाणी निर्दोष सुटलं. दुसरा संशय पलीकडच्या काठावर, बॅटरीचा करंट देऊन मासे मारणाऱ्यांवर. पण करंट दिला तर मेलेली मासळी तरंगते, तशी एकही दिसली नव्हती. मग बगळ्यांवर संशय घेऊन झाला. जांभळीवर रात्रीला उतरणाऱ्या बगळ्यांना तो चार दिवस पत्र्याचा डबा वाजवून हाकलत होता. शेवटी यल्लव्वानं डबाच लपवला.

आता उरली माणसं, आणि माणसांत कुणावर संशय घ्यायचा हे नागोजीला सांगावं लागत नव्हतं. डोहावर येणाऱ्या बायांच्या पदराकडं तो बघायला लागला. चड्डीत पोहणाऱ्या पोरांचे खिसे तपासले. बाजारच्या दिवशी कुणाच्या बुट्टीत कसली मासळी आहे ते बघत निपाणीच्या बाजारात हिंडला. कुठंच काही मिळेना, आणि काही मिळत नाही याचाच त्याला जास्त संशय यायला लागला.

मग त्यानं चुलीतली राख आणली. तिन्हीसांजेला ती अकरा पायऱ्यांवर चाळणीनं पसरायची आणि उजाडताना जाऊन बघायची. तीन दिवस कुत्र्याचे पाय. चौथ्या दिवशी माणसाची पावलं, उतरणारी आणि परत चढणारी. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

नागोजी पायरीवर बसला तो ऊन डोक्यावर येईपर्यंत. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याखाली एक समाधान होतं, शेवटी सापडल्याचं, आणि त्या समाधानाची त्याला पुढं फार लाज वाटली. त्या वेळी मात्र वाटली नाही. तो उठला आणि तडक देवस्थान कमिटीच्या मारुतीरावांकडं गेला. सिद्रामच्या घरावरूनच वाट होती. सिद्राम दारात जाळं विणत बसला होता. त्यानं हाक मारली, नागोजीनं मान वर केली नाही.

देवळासमोर गाव जमलं. मारुतीराव म्हणजे माणूस वाईट नाही, पण भांडण मिटण्यापेक्षा बैठक नीट पार पडण्याची त्यांना जास्त काळजी. त्यांनी विचारलं, "सिद्राम, राखेत तुझा पाय उमटला. झुंजुमुंजू डोहावर कशाला गेलतास?"

"बघायला गेलतो."

"काय बघायला?"

सिद्राम नागोजीकडं वळला. "मी तितं काय बघायला गेलतो ते नाग्याला ठावं पाहिजे."

नागोजीला ती धमकी वाटली. "मला काय ठावं? चोराच्या मनातलं मला काय ठावं?"

चोर हा शब्द ऐकल्यावर सिद्रामनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. "बरं. चोर तर चोर. पर येक सांग. डोहातनं मोठ्या कोळश्या गेल्या का बारकी पिल्लं?"

"पिल्लं."

"मग ह्यो कसला चोर रं, मोठी ठेवतोय आन् बारकी नेतोय?"

दोघं तिघं हसले. नागोजी ओरडला, "गळाला लावायला नेत असशील!" आणि मग, स्वतःलाही थांबवता येईना म्हणून, "भंडारा उचल! आसरांचा भंडारा उचलून सांग, का गेलतास!"

गुरवानं ताट पुढं केलं. हळदीचा भंडारा मुठीत घेऊन खरं बोलायचं, की सुटला. गावात यापुढं बोलणं नसतं. सिद्रामनं टॉवेल परत खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "उचलनार न्हाय."

एवढंच. का, ते सांगितलं नाही. गावानं समजायचं ते समजून घेतलं. सिद्रामनं गावच्या हद्दीत जाळं टाकायचं नाही असं ठरलं. मारुतीरावांनी बैठक नीट पार पडल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. आठवड्यानं सिद्राम मच्छे गावी मुलाकडं गेला आणि तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. जाताना त्यानं वल्हं नागोजीच्या दारात आणून ठेवलं. यल्लव्वानं ते आत घेतलं, आणि तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

काहील काठावर उपडी पडली. दुसरा कुणी सोबती घेऊन बघावा तर नागोजीचा विश्वास बसेना. एकट्यानं जाऊन बघितलं, काहील फिरली, आणि पासष्टी उलटलेला माणूस गळ्यापर्यंत भिजून घरी आला. पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. चोर गेला होता, आता डोह भरणार होता.

डोह भरला नाही. वर्ष गेलं आणि मोठ्या कोळश्याही विरळ झाल्या. म्हातारं मरतं आणि नवीन येत नाही, तसं ते होतं. एकच गोष्ट वाढत होती. बंधाऱ्याजवळच्या सावलीत शेपटीवर डोळा असलेले मासे आता झुंडीनं दिसायचे. एकदा तर मादी आणि नर मध्ये पिल्लांचा ढग घेऊन फिरताना दिसले, जवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावून जात. नागोजी घरी येऊन म्हणाला, "बाकी सगळं बुडालं, पर आसरांचं धन तेवढं वाढतंय बघ. आपली जोडी लेकुरवाळी झाली." यल्लव्वानं हात जोडले, पण तिच्या कपाळावर त्या दिवशी पहिल्यांदा आठी पडली. इतकी वर्षं बघून बघून तिलाही ती विद्या आली असावी.

त्याच उन्हाळ्यात उपासना आली. बुद्धविहाराशेजारच्या घरातली पोरगी. तिच्या आज्याचा जन्म लोकांच्या उसात गेला आणि ही निपाणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नदीतल्या माशांची यादी करत ती दुपारभर काठानं हिंडायची. नागोजी जांभळीखालून तिच्या पिशवीकडं बघत असायचा.

"मामा, डोहात येकदा बारकं जाळं लावू देता? मोजून परत सोडते."

"मोजायचं कशाला? मोजून कुनाला देनार?"

ती हसली. "बरं ऱ्हाऊ दे. मग सांगा तरी, ह्यो पट्ट्याचा मासा डोहात कवापासनं हाय?"

"आसरांचा हाय त्यो. तुला काय करायचं?"

तिनं फोनवर एक फोटो दाखवला. टोपीवाला माणूस, हातात तोच मासा, तोंडभर हसू. "वरच्या तलावावरचा फोटो हाय. सीमेपलीकडं, टेकडीखाली तलाव हाय न्हवं, तितं मालकानं रिसॉर्ट केलंय. लांबलांबनं लोक गळ टाकायला येत्यात. त्यास्नी जोरात झुंजनारा मासा पाहिजे म्हणून ह्यो सोडलाय. दक्षिण अमेरिकेतला हाय. पकडायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा."

"खात न्हाईत?"

"न्हाय."

"इकत न्हाईत?"

"न्हाय."

"मग पकडायचा कशाला?" नागोजीचे डोळे बारीक झाले. "ह्यात कायतरी दुसराच धंदा असनार बघ."

उपासनानं नंबर लिहून दिला. महापुरात तो तलाव सांडव्यावरून वाहिला होता, ओढ्यानं नदीत आला होता, हे ती सांगत होती. पण नागोजीचं लक्ष तिच्या पिशवीकडं होतं. ती गेल्यावर त्यानं पायऱ्या मोजल्या. अकराच होत्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी दोघं नवराबायको डोहावर गेले तेव्हा खालच्या पायरीशी एक मासा मरून लागला होता. पट्ट्याचा, चांगला दोन किलोचा. तोंड सताड उघडं आणि त्यातून एक रुपेरी शेपटी बाहेर आलेली. गिळताना घास अडकला होता. शेपटी कोळशीची होती. नागोजीला ती अंधारातही ओळखता आली असती.

डोहातला मासा मेला तर तो जांभळीखाली पुरायचा, चिरायचा नाही. नागोजी खड्डा काढायला खाली बसला. यल्लव्वानं पदर खोचला आणि मासा उचलून चालायला लागली.

"अगं, कुटं?"

"घरी. चिरून बघनार."

"पाप लागंल!"

"लागलंय ते बघू द्या आधी," ती म्हणाली.

परसात तिनं विळी मांडली. आयुष्यभर मासे चिरलेला हात, एका ओढीत पोट उघडलं. आतून कोळशीची बोटाएवढी सात पिल्लं निघाली, काही अख्खी, काही अर्धी विरघळलेली. मग मरळीचं एक पिल्लू. मग वामेचा वीतभर तुकडा. तिनं एकेक उचलून केळीच्या पानावर ओळीनं मांडलं. नागोजी बघत होता. इतके दिवस तो ज्यांना शोधत होता ती सगळी त्या पानावर होती.

यल्लव्वा विळीवरून उठली नाही. "म्हंजे माझ्या जिवाच्या बदल्यात," ती हळू म्हणाली, "ह्येंच्या पिल्लांचा जीव गेला व्हय?"

"तुझा काय दोष गं त्यात?"

"मग कुनाचा?"

आयुष्यात पहिल्यांदा नागोजीला या प्रश्नाचं उत्तर लगेच सापडलं आणि ते त्याला नको होतं. त्यानं माशाच्या शेपटीवरचा डोळा बघितला. ती घागर आठवली. जबडा बघ त्येचा, असं कोण म्हणालं होतं? काहील कुणी धरली होती? मग पुढचं सगळं आपोआप सुटत गेलं. ती जोडी डोहात काय खाते ते बघायला सिद्राम झुंजुमुंजू गेला होता, हे आता त्याला कळलं. भंडारा हातात घेतल्यावर खरंच बोलावं लागतं, आणि खरं बोलायचं तर जोडीचं बोलावं लागलं असतं. सोबती बोलला की आसरा दिलेलं परत घेतात. नागोजी मोठ्यानं म्हणाला, "त्येनं तुझ्यासाठी चोर म्हणवून घेतलं गं." केळीच्या पानावर माशा बसायला लागल्या तरी दोघं तिथंच होती.

दुपारी त्यानं उपासनाला फोन केला. ती आली, पानावरचं सगळं बघितलं, लिहून घेतलं. नागोजीनं तिला सगळं सांगितलं आणि एकच विचारलं, "मी न्हाय सोडलं असतं तर आलं असतं का डोहात?"

तिनं खोटं सांगितलं नाही. "आलं असतं, न्हाय बी आलं असतं. नदीत सुटल्यालं हुतंच. पर जोडीनं, निवांत पाण्यात, जितं कुनी जाळं टाकत न्हाय तितं..." तिनं वही मिटली. "त्यास्नी लई चांगली जागा मिळाली, मामा."

अमावास्येला देवळासमोर गाव जमलं तेव्हा नागोजीनं स्वतःच ताट मागितलं. भंडारा मुठीत घेतला आणि उसाच्या सरीपासून केळीच्या पानापर्यंत सगळं सांगितलं. मारुतीराव खाकरले. "हे बघ नागोजी, खरा गुन्हेगार तलाववाला. आपन अर्ज करू. तलाव त्या राज्यात, डोह ह्या राज्यात, दोन्हीकडं करू. तुझं नाव मधी कशाला?"

जन्मभर ज्याला गुन्हेगार हवा होता त्याला ताटात घालून गुन्हेगार मिळत होता, आणि तो खोटाही नव्हता. नागोजी म्हणाला, "अर्ज करा की, अण्णा. करायलाच पाहिजे. त्येनं नदीपतुर आनलं. पर डोहात मी आनलं, माझ्या हातानं. आन् चोर म्हटलं ते सिद्रामला." हळद घामानं ओली होऊन त्याच्या बोटांतून गळत होती. "गावानं आता मला डोहात जाळं टाकायची परवानगी द्यावी. राखणदारानंच टाकायला पाहिजे."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. शेवटी गुरवानं ताट उचललं आणि सात दगडांपुढं नेऊन ठेवलं. गावानं त्यालाच परवानगी धरलं.

दुसऱ्या दिवशी नागोजी बसनं मच्छ्याला गेला. कारखान्याच्या गेटवर निळ्या कपड्यात, टोपी घालून सिद्राम उभा होता. वहाणा जाऊन बूट आले होते. त्यानं नागोजीला ओळखलं, पण हातातली वही पुढं केली. "नाव? कुनाला भेटायचं?"

"सिद्रामला."

"काम?"

"माफी मागायची हाय. लिव्ह तसं."

सिद्रामनं लिहिलं नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला आणि त्यानं नागोजीचा दंड धरला. "वैनी बरी हाय न्हवं रं? तिला काय झालं न्हाय न्हवं?"

दीड वर्षं चोर म्हणून गावाबाहेर राहिलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हा होता. नागोजी गेटच्या दगडावर बसला आणि तोंडावर टॉवेल धरला. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, सिद्रामनं एका हातानं त्यांना थांबवून ठेवलं होतं.

"बरी हाय," नागोजी शेवटी म्हणाला. "तिनंच धाडलंय. म्हणाली, वल्हं घरात हाय."

सिद्रामला लगेच येता आलं नाही, सुट्टी मिळायला रविवार उजाडला. तो आला तो थेट डोहावर. नागोजी काहील उलटी करून तिला डांबर लावून बसला होता. सिद्रामनं काहिलीभोवती एक फेरी मारली. "माफ केलं असं समजू नगंस," तो म्हणाला. "लई लागलंय मला. निवळंल तवा निवळंल."

"व्हय."

"जाळं कोन टाकनार?"

"मी."

"मग बस. धरतो."

अकरा पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. त्या पाण्यात जाळं पडताना गावातल्या कुणीच बघितलं नव्हतं, नागोजीनंही नाही. त्यानं आसरांना हात जोडले आणि काहिलीत उभं राहून जाळं उचललं. काहील खाली जमिनीगत स्थिर होती. त्यानं फेकलं. जाळं गोल उघडलं आणि बुडालं. ओढताना इतकं जड झालं की दोघांनी मिळून ओढलं. पट्ट्याची एकोणीस मासळी, एकोणीस काळे डोळे काहिलीच्या तळाशी उड्या मारत होते. उपासना काठावरून ओरडून आकडा विचारत होती. एका जाळ्यानं काही होणार नाही, दर रविवारी टाकावं लागेल, खाली नदीत गेलेली तर आता आवरायचीच नाहीत, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

नागोजी जाळ्याच्या गाठी सोडवत होता. एका कोपऱ्यात त्याला कोळशीचं बोटाएवढं पिल्लू दिसलं, जिवंत. त्यानं ते ओंजळीत घेतलं आणि काहिलीच्या कडेवर वाकला. सिद्रामनं सवयीनं तोंड काठाकडं वळवलं.

"इकडं बघ की रं," नागोजी म्हणाला. "आन् गावाला सांग काय सोडलं ते."

वल्हं तसंच घट्ट धरून सिद्रामनं मान वळवली आणि बघितलं.